रंगाचा पातळ हात

माझ्या मावशीच्या घरी महालक्ष्म्यांचे मुखवटे तयार व्हायचे. नाशकात, गोदावरीपासून दोन गल्ल्या आत, घरामागं पत्र्याची शेड होती. तिथं काका, म्हणजे मावशीचे यजमान, साचे करायचे आणि प्लास्टर ओतायचे. रंग मात्र मावशीचा. भाद्रपदात घरोघरी ज्येष्ठा-कनिष्ठा बसतात, म्हणून मुखवटे जोडीनंच विकले जायचे आणि जोडीतले दोन्ही एकाच साच्यातून निघायचे. ज्यांना पितळी मुखवटे परवडत नसत, किंवा ज्यांचे जुने फुटले असत, अशी घरं आमच्याकडं यायची.

सत्तरच्या दशकात मी शाळेत होते. सुट्टी लागली की आई मला सटाण्याहून एसटीत बसवून द्यायची आणि मी सगळा उन्हाळा त्या शेडमध्ये काढायचे. तेव्हाचे मुखवटे आठवले की मला सोललेली उकडलेली अंडी आठवतात, इतके ते गुळगुळीत असायचे. साचा प्लास्टरचाच, दोन तुकड्यांचा. चेहऱ्यावर कुठं खोल खाच किंवा उंच कंगोरा असला तर साचा उघडताना तिथला टवका उडायचा. म्हणून काका सगळंच उथळ ठेवायचे. नाकाचा उंचवटा, ओठांच्या जागी जरा फुगवटा, डोळ्यांच्या जागी दोन टेंगळं. बाकी सगळं रंगावर सोडलेलं. आधी खडू आणि सरसाचं जाड पांढरं अस्तर, त्यावर पिवळसर गुलाबी तेलरंगाचे दोन हात, आणि मग मावशी. ती मुखवटा मांडीवर घ्यायची, श्वास रोखायची आणि एका ओढीत वरची पापणी काढायची. देवीनं कुठं बघायचं, हसायचं की गंभीर राहायचं, हे मावशी ठरवायची, कारण साच्यानं काहीच ठरवलेलं नसायचं.

माझ्या मावसबहिणीला मी ताई म्हणायचे. ती माझ्याहून जेमतेम वर्षानं मोठी. आम्हा दोघींना कान आणि मान रंगवायला मिळायची. ताईला त्या कामाचा कंटाळा. एक कान रंगवून होईपर्यंत ती मला कॉलेजातल्या मुलींच्या चार गोष्टी सांगून मोकळी व्हायची आणि दुसरा कान माझ्याकडं सरकवायची.

ताई काविळीनं गेली. आठवडाभरात. आम्ही सटाण्याहून पोचलो तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. मला तिचं शेवटचं तोंडही दिसलं नाही. पुढं अनेक दिवस मला ते खरंच वाटत नव्हतं, कारण माझ्या डोळ्यांपुढं ती जिवंतच होती.

त्यानंतर वर्षभरानं, ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं, मी चित्रकला शिक्षिकेच्या कोर्ससाठी नाशिकला मावशीकडंच राहायला आले. घर ओळखू येत नव्हतं. ताईचे सगळे फोटो मावशीनं कपाटात घालून कुलूप लावलं होतं. तिचं नाव घरात कुणी घ्यायचं नाही, असं तिनं बोलून दाखवलं नव्हतं, पण कुणी घेतही नव्हतं. आणि मावशीनं ब्रश सोडला होता. मी आले त्या संध्याकाळी तिनं खारीच्या केसांचे तिचे बारीक ब्रश फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "आता डोळे तू काढत जा. मला दिसत नाही नीट."

तिला उत्तम दिसत होतं. तांदळातला खडा ती दुरून टिपायची.

पहिल्या वर्षी मी डोळे काढले. मावशीसारखे नाही, पण गिऱ्हाइकं काही बोलली नाहीत. दुसऱ्या वर्षी, होळीच्या सुमारास, काका मुंबईला गेले आणि येताना एक डबा घेऊन आले. डब्यात दुधासारखं पातळ रबर होतं. मूर्तीवर ते ब्रशनं लावायचं, वाळू द्यायचं, पुन्हा लावायचं. असे थर चढले की मोज्यासारखा लवचिक साचा सोलून निघतो. "आता काही तुटायचं नाही," काका म्हणाले. "खाच कितीही खोल असू दे, रबर वाकतं आणि सुटून येतं. केसन्‌केस उमटतो." ताई गेल्यापासून मी त्यांना एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

मग ते शेडमध्ये शाडूचा नवा चेहरा घडवायला बसले. दाराला आतून कडी. जेवायला हाक मारली की हात धुऊन यायचे, जेवायचे आणि परत जायचे. उमेदवारीच्या काळात ते मुंबईत मोठ्या मूर्तिकारांच्या हाताखाली राहिले होते. मला वाटलं, इतकी वर्षं टेंगळं काढून कंटाळलेल्या माणसाला आता खरं काम करायला मिळतंय. शाडूचा तो मूळ चेहरा आम्ही कुणी पाहिलाच नाही. रबर सोलताना तो मोडला, आणि काकांनी ती माती परत भिजत घातली.

पहिले मुखवटे निघाले ते चैत्राच्या उन्हात. पांढरे शुभ्र, फळीवर ओळीनं वाळत ठेवलेले. मावशी वाळवणाचं ताट घेऊन अंगणात आली, फळीजवळ थांबली आणि म्हणाली, "बरा झालाय की चेहरा. नाजूक आहे." आणि कुरडया उलट्या करायला निघून गेली. मीही बघितले. मलाही नाजूक वाटले, एवढंच. पांढऱ्या प्लास्टरवर ऊन पडलं की सगळीकडून सारखाच उजेड परत येतो. बारीक खाचांच्या सावल्याही पांढऱ्याच असतात आणि नजर त्यांच्यावरून घसरून जाते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. म्हणजे कोर्समध्ये शिकवलं असेल, पण डोळ्याला माहीत नव्हतं.

आषाढ लागला तशी मी रंगवायला बसले. सवयीप्रमाणे जाड अस्तर, वर तेलरंगाचे दोन हात. पहिला मुखवटा वाळला आणि मी चरकले. चेहरा सुजलेला दिसत होता. भुवयांचे केस काकांनी एकेक कोरले होते, ते रंगानं भरून तिथं नुसता गोळा झाला होता. पापणीची घडी अर्धी बुजली होती, अर्धी उघडी होती. जुन्या गुळगुळीत चेहऱ्यावर हाच रंग, हाच जाडपणा कसा देखणा दिसायचा! इथं तो पुसट छापलेल्या चित्रासारखा झाला होता. वर डोळे काढायला गेले तर माझी रेघ कोरलेल्या पापणीच्या किंचित बाहेर गेली, आणि तेवढ्यानं देवी तिरळी झाली. आतापर्यंत मी हवा तिथं डोळा काढत होते. आता तो आधीच काढून ठेवलेला होता. माझ्या ब्रशला त्याच्या मागून जायचं होतं.

काकांनी तो मुखवटा बघितला, माझ्या हातातून घेतला आणि सरळ टर्पेंटाइनच्या घमेल्यात बुडवला.

"अस्तर नको," ते म्हणाले. "स्पिरिटमध्ये लाख विरघळव, तिचं पाणी मार, म्हणजे प्लास्टर रंग पिणार नाही. मग अंगाचा रंग एकदम पातळ. एकच हात. तो वाळला की वरून तपकिरी रंगाचं पाणी फिरव आणि लगेच फडक्यानं पुसून घे. वरचा रंग जाऊ दे. खाचेतला खाचेत राहू दे."

मला राग आला होता. तरी सांगितलं तसं केलं. लाख, मग पातळ रंग, मग दोन दिवसांनी तपकिरी पाणी. दुपारची वेळ होती, काका बाजारात गेले होते. मी मऊ फडकं घेऊन कपाळावरून खाली पुसत आले. भुवयांचे केस वेगळे दिसू लागले. डाव्या पापणीवर एकाऐवजी दोन घड्या उमटल्या. वरच्या ओठावर उभ्या बारीक रेषा आल्या. मला मजा वाटू लागली, फोटो धुताना कागदावर चित्र वर येतं तशी. मग नाकाच्या डाव्या बाजूला, चमकी घालतात त्याच्या जरा खाली, एक छोटा गोल ठिपका दिसला. त्यात रंग साचला होता.

प्लास्टरमध्ये हवेचा बुडबुडा राहिला की असं भोक पडतं. ते लांबीनं, म्हणजे खडू आणि तेलाच्या लगद्यानं, भरायचं असतं. मी लांबीचा डबा ओढला. मग वाटलं, दुसऱ्याही मुखवट्यावर असेल तर एकदमच भरून टाकू. शेजारच्या पांढऱ्या मुखवट्यावर बोट फिरवलं. त्याच जागी खळगा. तिसरा घेतला. त्याच जागी. चौथा. बुडबुडा प्रत्येक वेळी त्याच जागी येत नाही. तो खळगा कोरलेला होता.

एका दिवाळीत मावशी आणि ताई सटाण्याला आमच्याकडं आल्या असताना ताईला कांजिण्या आल्या होत्या. आई तिला बजावत होती, खपल्या काढू नकोस, आणि तिनं नाकाजवळची एक काढलीच होती. त्याचा खड्डा कायम राहिला. कॉलेजात मुली तिला विचारायच्या, चमकीचं भोक चुकून दोनदा पाडलंस का?

मी मांडीवरच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि मांडीवर ताई होती. डाव्या पापणीच्या दोन घड्या तिच्या. वरचा ओठ तिचा, जरा पुढं आलेला. हनुवटी तिची. मुखवटा टाकून द्यावासा वाटला आणि टाकवेना, कारण ते तिचं डोकं होतं. शेडमध्ये तिन्ही भिंतींना फळ्या होत्या आणि फळ्यांवर ओळीनं मुखवटे. मी मान वर केली. आता ते पांढरे राहिलेले नव्हते, म्हणजे होते पांढरेच, पण मला सगळ्यांवर तो ठिपका दिसत होता. सगळीकडून ती माझ्याकडं बघत होती, आणि तिला डोळे नव्हते.

काका आले तेव्हा मी अंगणात, तुळशीकट्ट्यावर बसले होते. त्यांनी आत जाऊन तो रंगवलेला मुखवटा बघितला आणि बाहेर आले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. त्याचा मला जास्त धक्का बसला.

"ओळखू आली ना तुला?" त्यांनी हळूच विचारलं. "मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. तरी ओळखू आली."

"काका, हे काय केलंत? हे विकायचेत ना आपल्याला?"

"हो, विकायचेच आहेत. देवीला कुणाचा तरी चेहरा असणारच ना?"

"आणि मावशी?"

त्यांनी घराच्या मागच्या दाराकडं पाहिलं. म्हणाले, "तू हिला काही बोलू नकोस."

मी बोलले नाही. काकांच्या सांगण्यावरून मी एक जोडी पुरी केली. डोळे मोठे, शांत, गोड काढले. तसे काढले म्हणजे ती जरा कमी ताई होईल, असं वाटलं होतं. ती जोडी पंचवटीतल्या एका बाईंनी आधीच सांगून ठेवली होती. त्यांचे यजमान सायकलवर आले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली जोडी पिशवीत घालून घेऊन गेले. पिशवी हँडलला लटकत होती. गल्लीच्या टोकापर्यंत मी तिच्याकडं बघत राहिले.

मावशीला कळलं ते पावसामुळं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी एकदम सर आली. मावशीनं दोरीवरचे कपडे ओढले आणि जवळचं दार म्हणून शेडमध्ये शिरली. तोवर मी आणखी सहा-सात मुखवटे पुसून ठेवले होते. ते टेबलावर वाळत होते. काका कोपऱ्यात प्लास्टर चाळत होते.

मावशी टेबलापाशी उभी राहिली. हातातले कपडे एकेक करून खाली गळायला लागले. आधी टॉवेल, मग काकांचा सदरा. तिला ते कळलं नाही.

"हाई काय शे?" ती म्हणाली.

मी तिच्याकडं बघतच राहिले. लग्न होऊन नाशिकला आल्यापासून मावशीच्या तोंडी माहेरची अहिराणी कधी आली नव्हती. आम्ही सटाण्याहून गेलो तरी ती आमच्याशी शहरातलंच बोलायची.

"हाई काय शे?" तिनं पुन्हा विचारलं. मग ती फळीकडं गेली. तिथले मुखवटे अजून पांढरे होते, उन्हाळ्यात तिनं ज्यांना नाजूक म्हटलं होतं तेच. तिनं एक हातात घेतला आणि नाकाच्या डाव्या बाजूला अंगठा ठेवला. अंगठा तिथंच थांबला. "हे आधीपासून होतं?" ती माझ्याकडं वळून म्हणाली. "मी बघितलं तेव्हाही होतं? मला कळलं नाही? माझ्या पोरीचं तोंड मला कळलं नाही?"

"पांढऱ्यात नाही कळत, मावशी. मलाही नाही कळलं."

तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. तिनं मुखवटा परत फळीवर ठेवला, सरळ, नीट.

"बुजव," ती मला म्हणाली.

"बुजवायचं नाही," काका कोपऱ्यातून म्हणाले. ते उठून उभे राहिले होते. अंगभर प्लास्टरची पांढरी भुकटी. "अगं, मला तिचा चेहरा दिसेनासा झाला होता. तू फोटो कुलपात घातलेस. एक दिवस सकाळी उठलो आणि मला तिचं नाक आठवेना. माझ्या मुलीचं नाक! म्हणून बसलो. हाताला आठवत होतं सगळं. हातानं काढलं."

"आणि मला रोज दिसतो तिचा चेहरा," मावशी म्हणाली. "भाजी चिरताना दिसतो. देवापुढं दिसतो. म्हणून घातले कुलपात. आणि तुम्ही घरोघरी वाटायला काढलात. चार लोक हिला साडी नेसवणार, नथ घालणार. तिचं लग्न नाही बघितलं मी आणि हे बघायचं?"

पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की दोघंही ओरडून बोलत होती. तसं ओरडून बोलण्याची त्या घरात पद्धत नव्हती. मग काका छत्री न घेता बाहेर पडले आणि फाटक उघडं टाकून गेले.

मावशीनं खडूची पूड घमेल्यात ओतली, सरस तापवला, अस्तर कालवलं. तिनं रुंद ब्रश माझ्यापुढं धरला. मी तो घेतला. ती एका बाजूनं आणि मी एका बाजूनं, संध्याकाळपर्यंत आम्ही अस्तर लावत होतो. आधी ठिपका बुजायचा, मग ओठांवरच्या रेषा, मग पापणीची दुसरी घडी. एक हात पुरला नाही तिथं दुसरा दिला. मावशी रडली नाही. मीच मधून मधून बाह्यांनी डोळे पुसत होते आणि ती, "थेंब पाडू नकोस, अस्तर फुगतं," एवढंच म्हणत होती.

त्यावर तेलरंगाचे दोन हात बसल्यावर पूर्वीसारखेच गुळगुळीत, कुणाचेही नसलेले मुखवटे तयार झाले. मी त्यांना जुन्या पद्धतीचे डोळे काढले. काका दोन दिवस शेडमध्ये फिरकले नाहीत. घरात दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलायची. "काकांना विचार, चहा घेणार का." काका समोरच बसलेले असायचे.

महालक्ष्म्या चार-पाच दिवसांवर आल्या आणि पंचवटीतल्या त्या बाई जोडी घेऊन दारात उभ्या राहिल्या. ती जोडी आधीच गेलीय, हे मी मावशीला सांगितलं नव्हतं. सांगायचं राहिलं, किंवा धीर झाला नाही.

काका ओसरीवर बसले होते. मावशी बाहेर आली. बाईंनी वर्तमानपत्र उलगडलं आणि दोन्ही मुखवटे चटईवर ठेवले.

"वहिनी, तुमच्याकडचं काम कधी असं नसतं," त्या म्हणाल्या. बाई चांगल्या होत्या, दरवर्षी कुणा ना कुणाला आमच्याकडं पाठवायच्या. "हे बघा, दोन्हींच्या नाकाशेजारी खड्डा. देवीच्या तोंडावर व्रण कसा चालेल? आणि चेहराही कसा माणसासारखा वाटतो हो. पापणी एक अशी, एक तशी. ओठसुद्धा जरा पुढं आल्यासारखा..."

"काय वाईट आहे ओठाला?" मावशी म्हणाली.

बाई थबकल्या. "वाईट नाही, पण..."

"लहानपणी बाटलीनं दूध प्यायची म्हणून आलाय ओठ पुढं. आणि तो खड्डा कांजिण्यांचा आहे. खपली काढली तिनं. नको म्हटलं तरी काढली." मावशीचा आवाज चढत गेला. "माझ्या मुलीच्या तोंडाला नावं ठेवायची नाहीत. माझ्या दारात येऊन तर नाहीच नाही!"

मी दाराची चौकट धरली. ज्या मावशीनं दीड-दोन महिन्यांपूर्वी तोच चेहरा माझ्याकडून बुजवून घेतला होता, ती हे बोलत होती. काका ओसरीवरून उठले आणि पुन्हा खाली बसले. त्या बाईंनी चटईवरच्या मुखवट्यांकडं बघितलं, मावशीकडं बघितलं, आणि पदर तोंडाशी नेला. ताई गेल्याचं त्यांना माहीत होतं, भेटायलाही येऊन गेल्या होत्या. चेहरा मात्र त्यांनी कधी निरखला नव्हता.

बाई खाली बसल्या. मग त्या म्हणाल्या, "वहिनी, मला खरंच माहीत नव्हतं. पण खरं सांगते, मला ही नाही बसवता येणार. माझ्या घरात सून आहे, मोठी लेक बाळंतपणाला आलीय. मला भीती वाटते. तुम्ही रागावू नका."

मला वाटलं, आता मावशी आणखी भडकणार. पण ती म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. मीसुद्धा नसती बसवली." आणि मला आतून दुसरी जोडी आणायला सांगितली, अस्तर लावलेली. बाई ती घेऊन गेल्या. जाताना मी हळद-कुंकवाचा करंडा पुढं केला, तेव्हा त्यांनी चटईवरच्या मुखवट्यांना ते लावायला हात पुढं केला, आणि मग मागं घेतला.

मावशी चटईवर बसून राहिली. तिनं एक मुखवटा उचलून मांडीवर घेतला. पूर्वी घ्यायची तसाच, हनुवटी स्वतःच्या पोटाकडं करून.

"डोळे चुकलेत," ती म्हणाली.

"मीच काढलेत, मावशी."

"ते कळतंय. इतकी गोड कधी बघायची ती? ब्रश आण माझा."

मी फडक्यात गुंडाळलेले ब्रश आणून दिले. तिनं टर्पेंटाइनच्या बोळ्यानं माझे डोळे पुसून काढले. वर रोगण दिलेलं नव्हतं, म्हणून ते निघाले. अंगाच्या पातळ रंगाला तिनं धक्का लागू दिला नाही. मग काळ्या रंगात ब्रशचं टोक बुडवलं, दोनदा बशीच्या काठावर निथळलं आणि श्वास रोखला. वाटेत काकांनी कोरलेली पापणी होती. मावशीचा ब्रश तिच्या कडेकडेनं गेला, कुठंही न अडता, जणू ती घडी तिनंच घातली होती. डाव्या डोळ्याची बाहुली तिनं जरा वर सरकवली, पापणीखाली किंचित दडवली. उजवीही तशीच. मग मुखवटा हातभर लांब धरला.

मला त्या ओसरीवर जे वाटलं ते सांगता येणं अवघड आहे. शेडमध्ये ओळख पटली तेव्हा मी घाबरले होते, पण तेव्हा समोर होता तो चेहरा. आता कुणीतरी बघत होतं. आणि ती ताई मी कधी पाहिली नव्हती. माझी ताई गप्पा मारणारी, खिदळणारी. ही वैतागलेली होती. हाक मारून मारून शेवटी पुस्तकातून मान वर केल्यासारखी, आता काय आणखी, असं म्हणणारी.

काका चटईजवळ येऊन उकिडवे बसले होते. इतके दिवस हातानं आठवून घडवलेला तो चेहरा ते पहिल्यांदा बघितल्यासारखा बघत होते.

"अशी बघायची ती?" त्यांनी विचारलं. "मला नाही आठवत. माझ्याकडं कधी अशी..."

"तुमच्याकडं नाही," मावशी म्हणाली. "माझ्याकडं. दिवसातून दहा वेळा." आणि पहिल्यांदाच, माझ्या देखत, ती रडली. काकांनी तिच्या हातातला ओला मुखवटा अलगद काढून घेतला, रंगाला बोट न लावता, आणि भिंतीशी टेकवून ठेवला.

जोडीतल्या दुसऱ्या मुखवट्याचे डोळे तिनं काढलेच नाहीत. पुसले मात्र.

त्या वर्षी बाकीच्या सगळ्या जोड्या विकल्या गेल्या. कुणाची काही तक्रार आली नाही. रबराचा साचा पुढच्या उन्हाळ्यात चिकट झाला आणि कानाजवळ फाटला. काकांनी नवा चेहरा घडवला, बारीक कामाचा, पण कुणाचाच नसलेला. त्यावर रंग किती पातळ लावायचा हे मावशीनं मला शिकवलं आणि स्वतः पुन्हा टेबलाशी बसू लागली. कपाटाचं कुलूप कधी निघालं मला आठवत नाही. एक दिवस कॉलेजातून आले तर भिंतीवर ताईचा फोटो होता आणि काका स्टुलावर चढून तो सरळ करत होते. खालून मावशी सांगत होती, "डावीकडं. अजून जरा. आता जास्त झालं."